परवाला क्रियापद लागतं

०३/०२, मंगळवार

आज नवीन काम मिळालं. डोळ्यांच्या दवाखान्याची प्रतीक्षायादी जुन्या यंत्रणेतून नव्या डेटाबेसमध्ये आणायची. नेत्रदानातून बुबुळ मिळेल या आशेवर थांबलेल्या लोकांची ही यादी. ज्याची नोंदणी आधी, त्याचा नंबर आधी. आतापर्यंत हा क्रम नोंदणीच्या खिडकीतल्या बाई हाताने लावायच्या. आता यंत्रणा लावेल.

अडचण एकच, जुन्या यंत्रणेत तारखा तारखा म्हणून ठेवलेल्याच नाहीत. नुसता मजकूर आहे. मजकूर अक्षरांच्या क्रमाने लागतो, त्यामुळे ०१ डिसेंबर ०२ जानेवारीच्या आधी येतो, वर्ष कोणतंही असो. आधी प्रकार बदलायचा, मग फंक्शन लावून प्रतीक्षेचे दिवस काढायचे. सोपं आहे.

आमचे वरिष्ठ, ज्यांना मागे सगळे कॉमा म्हणतात (स्वल्पविराम चुकला तरी काम परत पाठवतात), खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"परवा मी गावाला. म्हणजे मी जाऊन आलो की जाणार आहे?"

"वाक्य अर्धं आहे, सर."

"बरोबर. परवा गेलो, परवा जाणार. आपल्याला क्रियापदावरून कळतं. मजकुरातल्या तारखेला क्रियापद नसतं. ०५/११ म्हणजे पाच नोव्हेंबर की अकरा मे, ते तिला बिचारीला माहीत नसतं. क्रियापद तू द्यायचं. आणि स्वतःच्या मनाने द्यायचं नाही, खिडकीवर जाऊन विचारायचं."

मी मान हलवली. सरांना उपमा द्यायची हौस आहे. उठताना त्यांनी विचारलं, "घरी सगळे ठीक ना?" मी ठीक म्हटलं. ते क्षणभर थांबले आणि गेले.

बाबा या यादीत आहेत. हे ऑफिसात कुणाला सांगायचं कारण नाही. काम हे काम आहे. घरी मात्र बोलून गेले, की तुमच्याच दवाखान्याचं काम माझ्याकडे आलंय. बाबा म्हणाले, "वा! म्हणजे आता गाडी तुझ्या हातात."


०५/०२, गुरुवार

तारीख बदलणाऱ्या फंक्शनला एक जादा आकडा द्यावा लागतो. १०१ दिला तर ते महिना आधी आहे असं समजतं, १०३ दिला तर दिवस आधी. मी नमुन्याच्या काही ओळी पाहिल्या. त्यात महिना आधी होता, कारण मधला आकडा तेवीस, अठ्ठावीस असा होता. म्हणून १०१ लावलं. बऱ्याच ओळी अडल्या. त्या ओळींत पहिला आकडा बाराच्या वर होता. म्हणजे काही नोंदी एका पद्धतीने, काही दुसऱ्या.

खिडकीवर जायचं राहिलं. वेळ नव्हता. शिवाय त्या बाई मला ओळखतात. बाबांना घेऊन गेले की दर वेळी "आली का डायव्हरसाहेबांची लेक" म्हणतात. आता मी दुसऱ्याच नात्याने तिथे उभी राहणं बरं दिसणार नाही.


०६/०२, शुक्रवार

मार्ग सापडला. या फंक्शनचा एक सौम्य भाऊ आहे. बदल जमला नाही तर तो आरडाओरडा करत नाही, नुसती रिकामी जागा देतो. मी लिहिलं की आधी १०१ ने वाच, रिकामं आलं तर १०३ ने वाच. एकही ओळ अडली नाही. अहवालात लिहिलं, चुका शून्य.

एक बारीक गोष्ट. काही जणांचे प्रतीक्षेचे दिवस वजा आले. म्हणजे त्यांची नोंदणी पुढच्या काही महिन्यांतली दिसत होती. टंकलेखनाच्या चुका असणार. वजा असेल तर शून्य धर, अशी एक अट घातली.

सरांनी अहवाल पाहिला. "शून्य?"

"शून्य."

"खिडकीवर काय म्हणाल्या?"

"नोंदी स्पष्ट आहेत, सर. गरज पडली नाही."

हे खोटं नाही. गरज पडली नाही.


१०/०२, मंगळवार

यंत्रणा सुरू झाली. बैठकीत टाळ्या झाल्या. मला टाळ्या आवडत नाहीत, पण आज वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी शेजारच्या काकांनी बाबांना त्यांच्या गाडीतून सोडलं. काका उतरताना मला म्हणाले, "तुझे बाबा शेजारी बसले की माझी गाडी दोघं चालवतात." बाबांनी इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवली आहे. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. आता कुणाच्याही गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय त्या नसलेल्या ब्रेकवर दाबला जातो. खुर्चीत बसून टीव्हीवरची बातमी पटली नाही तरी दाबला जातो.

उजवा डोळा पूर्ण गेला आहे. डाव्याने उजेड आणि माणसाचा आकार एवढंच. डॉक्टरांनी विचारलं होतं, कसं दिसतं? बाबा म्हणाले, "काचेवर धुकं आहे, डॉक्टर. वायपरचं बटणच सापडत नाही."


१३/०२, शुक्रवार

दवाखान्यातून फोन आला. बाबांचा नंबर लागला! बुबुळ मिळालं आहे, बुधवारी शस्त्रक्रिया. उद्या तपासणी.

मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. बाहेर आले तेव्हा बाबांनी हात पुढे केला होता. तो मी धरावा म्हणून होता हे मला उशिरा कळलं. मी त्यांच्या हातात टॉवेल दिला.

नंतर ते आत्याशी फोनवर बोलत होते. आत्या त्यांची मोठी बहीण, मंगळवारी राहायला येणार आहे. "डॉक्टर म्हणाले होते वर्ष जाईल. पण माझी पोरगी आहे ना तिकडे, कम्प्युटरमध्ये! मग?" आणि हसले. त्यांना माझं कौतुक सांगायची सवय आहे. लोकांना वाटतं कम्प्युटर म्हणजे मी सगळंच करते, प्रिंटर दुरुस्तीपासून.


१४/०२, शनिवार

तपासणी नीट झाली. रक्त, दाब, डोळ्याचं माप. नोंदणीच्या बाईंनी बाबांना चहा पाजला.

आम्ही बाकावर बसलो होतो तेव्हा खिडकीशी एक बाई आल्या. काळा चष्मा, पस्तिशीच्या असतील. विणकामाच्या कारखान्यात यंत्रावर आहेत, असं बोलण्यातून कळलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त ऐकू येत होता.

"मागच्या महिन्यात मी तिसरी होते. पुढच्या दोघांचं झालं. मग मी पहिली व्हायला हवी ना? आज तुम्ही सांगता सातवी."

"कम्प्युटर तसं दाखवतोय हो. आता सगळं त्याच्यावरच आहे."

"अहो, पण माणूस रांगेत मागे कसा चालेल?"

नोंदणीच्या बाईंनी पडदा पुन्हा पाहिला. काळ्या चष्म्याच्या बाई भिंतीला हात लावत निघून गेल्या. बाबांचा पाय जमिनीवर दाबला गेला होता. मी म्हटलं, "चला, रिक्षा बघते."

आज शनिवार. ऑफिस बंद. घरूनही पाहता येतं, पण सोमवारी निवांत पाहीन.


रविवार, १५ फेब्रुवारी

सकाळी पाहिलं.

बाबांची नोंदणी गेल्या वर्षीची, पाच नोव्हेंबरची. मला तो दिवस आठवतो, मी बरोबर होते, त्या बाईंनी माझ्यासमोर टाइप केलं. ०५/११. मी लिहिलेल्या क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या सूचनेने, आधी १०१ ने वाचलं. अकरा मे. तारीख वैध, म्हणून १०३ पर्यंत ती गेलीच नाही. बाबा सहा महिने पुढे सरकले.

ज्यांच्या तारखेत दिवस बाराच्या आत, त्यांचा दिवस आणि महिना उलटा झाला. ज्यांचा दिवस तेरा किंवा पुढचा, ते जागच्या जागी राहिले. सातवी नोंद विणकाम करणाऱ्या बाईंची, २३/०७. तेवीस हा महिना असूच शकत नाही, म्हणून त्यांची तारीख बरोबर वाचली गेली. त्यांच्या बाबतीत मी काहीच चूक केली नाही. फक्त त्यांच्या पुढे चुकीची माणसं नेऊन बसवली.

वजा दिवसही आता समजले. जानेवारी-फेब्रुवारीत नोंदणी झालेले लोक उलटे होऊन पुढच्या महिन्यांत गेले होते. म्हणजे यंत्रणा मला सांगत होती. मी तिला शून्य म्हणायला लावलं.

तक्त्यात खिडकी क्रमांकाचा एक कॉलम आहे. एक नंबरच्या खिडकीवर दिवस आधी लिहितात. दोन नंबरचा कम्प्युटर महिना आधी लिहितो. मी पाहिलेला नमुना सगळा दोन नंबरचा होता. तो कॉलम पहिल्या दिवसापासून तिथेच आहे.

दुरुस्त क्वेरी लिहायला वेळ लागला नाही. ती चालवून पाहिली, जतन केली नाही. विणकाम करणाऱ्या बाई पहिल्या. बाबा नववे. गेल्या आठवड्यात नव्या यादीतून बोलावलं गेलेलं माणूस एकच, तेही बाबा.

दुपारी हे लिहिते आहे. बाबा बाहेरच्या खोलीत पिशवी भरत आहेत. प्रत्येक वस्तू हाताने चाचपून ठेवतात आणि तिचं नाव घेतात. टॉवेल. ब्रश. दाढीचं सामान. मध्येच हाक मारली, "अगं, डोळा उघडल्यावर पहिलं काय बघू? तुझं तोंड बघायला लागणार, नाइलाज आहे!"

मी हसले. ते ऐकू जाईल असं हसले.

बदल गुरुवारीही करता येईल. गुरुवारी यादी दुरुस्त केली तर कुणाला काही कळणार नाही. बदलांच्या लॉगमध्ये एक ओळ पडेल, ती मीच तपासते. त्या बाईंना पुढचं बुबुळ मिळेल. कधी, ते सांगता येत नाही. बाबांनाही नंतर मिळालं असतंच. म्हणजे हिशोबात दोन माणसं आणि दोन बुबुळं, फक्त क्रम बदलतो.

वरचा परिच्छेद मी पुन्हा वाचला. खोडत नाही. मी तो लिहिला होता, हे राहू दे.


सोमवार, १६ फेब्रुवारी

कॉमा सरांच्या टेबलाशी उभी राहिले. ते बस म्हणायच्या आत बोलले, नाहीतर बसले असते.

"सर, दवाखान्याच्या तारखा चुकल्या आहेत. मी चुकवल्या."

सगळं सांगितलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहत राहिले.

"वजा दिवस आले असतील की मग."

"आले होते."

"त्यांचं काय केलंस?"

"शून्य केले."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "शून्य केलेस," ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "यादीत तुझ्या आडनावाचे एक गृहस्थ आहेत. काम देतानाच दिसले होते मला. म्हटलं, असेल कुणी नात्यातलं तर ही सांगेल. नाही सांगितलंस, तेव्हा म्हटलं, नसेल. आडनावं काय, पैशाला पासरी."

"वडील आहेत."

"म्हणून खिडकीवर गेली नाहीस."

वेळ नव्हता, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. गेले दहा दिवस मी हे वाक्य स्वतःला सांगत होते. मोठ्याने म्हणायची वेळ आली तेव्हा त्यात काही नव्हतं.

"तुम्ही कळवाल दवाखान्यात?" मी विचारलं.

"चूक तुझी, तोंडही तुझंच. जा. मी फोन करून ठेवतो की आमच्याकडून कुणी येतंय. कोण ते सांगत नाही."

नोंदणीच्या बाईंनी मला पाहताच खिडकीची काच सरकवली. "अगं, तू? परवाचं विचारायला आलीस का? बाबांना उपाशीपोटी आणायचं बरं का, चहासुद्धा नाही. आणि ते कुठे आहेत? एकटीच?"

"मी आज कम्प्युटरवाली म्हणून आले आहे."

त्या आधी हसल्या. मग त्यांना कळलं आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, उतरवायचं विसरल्यासारखं. मी यादीचा दुरुस्त क्रम पुढे ठेवला, काय झालं ते सांगितलं, बाबांचा खरा नंबर सांगितला. मला वाटलं होतं त्या विचारतील, मुद्दाम केलंस का. त्यांनी विचारलं, "ही नवी यंत्रणा तू करत होतीस? मग एक फोन का नाही केलास गं? रोज इथेच तर बसते मी."

याचं माझ्याकडे जे उत्तर आहे ते लिहिण्यासारखं नाही.

त्या आत जाऊन डॉक्टरांशी बोलून आल्या. मग माझ्यासमोरच फोन लावला. "बुधवारी यायचंय तुम्हाला. हो, शस्त्रक्रियेलाच. नाही हो, चेष्टा कशी करीन?" पलीकडून इतका वेळ काहीच आवाज आला नाही की बाईंना दोनदा "हॅलो, हॅलो" करावं लागलं. मी तिथून निघाले. थांबायचा मला हक्क नव्हता.

घरी बाबा खुर्चीत बसले होते. पिशवी पायाशी, बंद केलेली.

"बाबा, बुधवारचं रद्द झालं."

"बुबुळात काही निघालं?"

"नाही. तुमचा नंबर नव्हता. माझ्या कामात चूक झाली. तारीख उलटी वाचली गेली, तुम्ही पुढे गेलात. आज मी ती सुधारली. ते बुबुळ दुसऱ्यांना जाईल."

त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. बराच वेळ तसाच राहिला.

"कुणाला? त्या बाईला? माणूस मागे कसा चालेल म्हणाली, तिला?"

"हो."

"हं." मग म्हणाले, "चूक झाली म्हणतेस."

"हो. चूक."

"मला वाटलं, तू केलंस."

मला आधी नीट कळलंच नाही. मग शुक्रवारचं त्यांचं फोनवरचं हसणं आठवलं. पोरगी आहे ना तिकडे. मग?

"मी असं करीन, असं वाटलं तुम्हाला?"

"वाटलं." त्यांनी तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला केलं होतं, पण जरा बाजूला, दाराकडे. "शनिवारी ती बोलली तेव्हाही वाटलं. तरी पिशवी भरली मी. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं होतं."

मला त्यांचा राग यायला हवा होता किंवा कीव. दोन्ही आलं नाही. कालची दुपार आठवली, माझा तो परिच्छेद. ते बाहेर पिशवी भरत होते आणि मी आत गुरुवारची वाट काढत होते. एका घरात दोघं, दोघांच्या पायाशी ब्रेक, आणि दोघांनीही दाबला नव्हता.

"आत्याला सांगायला हवं," ते म्हणाले. "उद्या निघेल ती."

मी त्यांना फोन लावून दिला आणि स्वयंपाकघरात गेले. नळ सोडून कपबश्या धुवायला घेतल्या. आत्याचा आवाज फोनमधूनही घरभर येतो, पण शब्द लागत नव्हते, नुसते चढउतार. काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा. मग बाबांचा आवाज आला.

"परवा नाही."

एवढंच. मी नळ बंद केला. परवा शस्त्रक्रिया नाही, असं ते सांगत होते, की असू दे, चालायचंच, असं? पुढे काहीतरी येईल म्हणून ओले हात तसेच धरून थांबले. फोन ठेवल्याचा आवाज आला, खुर्ची करकरली.

अंदाज करता आला असता. दोन्ही अर्थ बसत होते, दोन्ही वैध.

मी हात पुसले आणि विचारायला बाहेर गेले.